पीळ आणि पिळवणूक : 'दुःख म्हणजे ताण' या भाषांतराची चिकित्सा

बौद्ध धम्मावरील लोकप्रिय लेखनात आणि प्रवचनांत गेल्या काही दशकांपासून एक समीकरण रूढ होत आले आहे. 'दुक्ख' या पाली शब्दाचा अर्थ 'ताण' असा करावयाचा आणि धम्म म्हणजे ताणमुक्तीची कला असे सांगावयाचे. या समीकरणाचा उगम इंग्रजीत आहे. थानिस्सरो भिक्खू या अमेरिकन भिक्खूंनी आपल्या सुत्तानुवादांत 'दुक्ख' या शब्दासाठी 'स्ट्रेस' हा इंग्रजी शब्द योजला. ते व्यासंगी अनुवादक आहेत आणि त्यांची ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. परंतु हा शब्द मराठीत आला तो त्यांच्या युक्तिवादासह आला नाही. शिबिरांतून, आरोग्यविषयक पुस्तिकांतून आणि व्याख्यानांतून तो सुटा आला. परिणामी 'दुःख म्हणजे ताण' या वाक्याला 'ताण हा मनाचा खेळ आहे' हे दुसरे वाक्य नकळत चिकटले, आणि या दोहोंच्या बेरजेतून 'तुमचे दुःख तुमच्याच मनाने निर्माण केले आहे' हे तिसरे वाक्य तयार झाले.

हे तिसरे वाक्य वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या तालुक्यात उच्चारले जाते, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार अभ्यासकांनी केला पाहिजे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचे वर्षावासाचे तीन महिने हे आपल्या विहारांतील ग्रंथवाचनाचे महिने आहेत. कोरडवाहू शेतीच्या या प्रदेशात नेमके हेच सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या खरीप हंगामाचेही महिने आहेत. पाऊस लांबला तर दुबार पेरणीची धास्ती, तो अवेळी आला तर काढणीला आलेले सोयाबीन भिजण्याची धास्ती, आणि दोन्हींतून निभावले तर भावाची धास्ती. अशा मनःस्थितीत सायंकाळी विहारात येऊन बसलेल्या उपासकाला 'ताण तुमच्या मनात आहे' असे सांगणे हे धम्माला धरून आहे काय? आणि ते शरीरशास्त्राला तरी धरून आहे काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. ताणाचे शरीरशास्त्र

प्रथम शरीरशास्त्र पाहू. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भय आणि क्रोध यांच्या प्रसंगी शरीरात होणाऱ्या बदलांवरील आपला ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध केला. संकट समोर येताच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात हार्मोन म्हणतो ते, रक्तात मिसळते. हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, यकृतात साठविलेली साखर रक्तात उतरते, पचन मंदावते. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी ही शरीराची सिद्धता होय.

१९३६ साली माँट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखविली. थंडी, जखम, अतिश्रम किंवा विषारी द्रव्य, कारण कोणतेही असो, त्याचा मारा चालू राहिला की परिणाम एकाच ठशाचा होतो. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ही ग्रंथी आकसते आणि जठरात व्रण पडतात. या अवस्थेला पुढे 'स्ट्रेस' हे नाव मिळाले. हा शब्द यंत्रविद्येत आधीपासून होता. धातूच्या दांड्यावर बाहेरून भार पडला असता त्याच्या आत जो ताण उत्पन्न होतो, त्याला तेथे 'स्ट्रेस' म्हणतात. म्हणजे या शब्दाच्या पोटातच बाहेरून येणारा भार गृहीत आहे. मराठीत 'ताण' म्हणताना आपण आतला परिणाम तेवढा घेतला आणि बाहेरचा भार गाळून टाकला, ही या भाषांतराची पहिली गफलत होय.

आतली यंत्रणा अशी चालते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागातून एक संप्रेरक निघते. ते पीयूषिका ग्रंथीला जागे करते. पीयूषिका ग्रंथी आपले संप्रेरक रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींकडे पाठविते आणि त्यांच्या बाह्यकवचातून कॉर्टिसॉल स्रवते. हे कॉर्टिसॉल शरीराचे शत्रू नव्हे. त्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही. पहाटे त्याचे प्रमाण चढू लागते, जाग आल्यावर सुमारे अर्ध्या तासात ते शिखराला पोहोचते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली येते. रक्तात ते पुरेसे झाले की मेंदूला तशी वर्दी मिळते आणि स्राव आपोआप थांबतो. टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्यासारखीच ही व्यवस्था आहे.

बिघाड होतो तो संकट न सरल्याने. चिखलात रुतलेली गाडी काढताना बैल क्षणभर सर्व जोर लावतो. त्या जोराने बैल मरत नाही. परंतु तोच जोर त्याला दिवसभर, महिनोन्‌महिने लावावा लागला तर त्याची हाडे खिळखिळी होतात. संप्रेरकांचेही असेच आहे. कॉर्टिसॉलचा मारा दीर्घकाळ चालू राहिला की रक्तातील साखर वरच राहते आणि इन्सुलिनला पेशी पूर्वीप्रमाणे दाद देत नाहीत. येथून मधुमेहाची वाट सुरू होते. पोटाभोवती मेद साठतो. अ‍ॅड्रेनॅलिनच्या वारंवार येणाऱ्या लाटांनी रक्तदाब चढा राहतो आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते. हृदयविकार आणि पक्षाघात यांची भूमी अशी तयार होते. मेंदूकडून प्रजननग्रंथींकडे जाणारे संदेश क्षीण झाल्याने स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होऊ शकते. झोप उथळ होते, आणि उथळ झोप पुन्हा याच यंत्रणेला चेतविते. स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कॉर्टिकोस्टेरॉन हे कॉर्टिसॉलच्याच जातीचे संप्रेरक जाऊन बसते, हे ब्रूस मॅक्‌एवन यांनी १९६८ साली उंदरांमध्ये दाखवून दिले होते. याच मॅक्‌एवन यांनी एलियट स्टेलर यांच्यासमवेत १९९३ साली या साऱ्या साचत जाणाऱ्या झिजेला एक पारिभाषिक नाव दिले. मराठीत त्याला 'जुळवून घेण्याचा बोजा' असे म्हणता येईल. परिस्थितीशी जुळवून घेता घेता शरीराने जी किंमत मोजली, तिची ती बेरीज होय.

ही झीज केवळ तर्काने मांडलेली नाही. अमेरिकेतील ओहायो येथे जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक साधा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारख्याच आकाराची लहानशी जखम करण्यात आली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी सुमारे ३९ दिवसांत भरली, तर शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना त्यासाठी सुमारे ४९ दिवस लागले. मनावरचा भार कातडीवर मोजता येतो, हे या अभ्यासाने दाखविले.

तथापि येथे अतिशयोक्तीपासूनही सावध राहिले पाहिजे. आज प्रत्येक आजाराचे खापर ताणावर फोडण्याची प्रवृत्ती आहे. जठरातील व्रण ताणामुळेच होतात असे अनेक वर्षे मानले जाई. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागील जिवाणू शोधून काढला, आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तसेच दीर्घ ताणात कॉर्टिसॉल सदैव वाढलेलेच असते असेही नाही. अनेकदा त्याची सकाळ-रात्रीची चढउतारच सपाट होते, आणि काही अवस्थांत ते नेहमीपेक्षा कमी आढळते. म्हणून एखाद्या तपासणीतील एका आकड्यावरून माणसाचा ताण मोजता येत नाही. 'अधिवृक्क ग्रंथींचा थकवा' या नावाने जी औषधे आणि चूर्णे विकली जातात, त्या नावाचा आजार वैद्यकशास्त्र मान्य करीत नाही.

२. भार कोठून येतो?

आता बाहेरच्या भाराकडे वळू. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' या नावाने प्रसिद्ध असलेला अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात १७ हजारांहून अधिक पुरुषांची नोंद होती. ही सर्व माणसे नोकरदार होती, कोणीही उपाशी नव्हते. तरीही मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब आणि मेद यांचा हिशेब वजा केल्यावरही या तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहिला. पुढील अभ्यासांतून या शिल्लक भागाचे एक कारण स्पष्ट होत गेले : आपल्या कामावर आपले नियंत्रण नसणे. ज्याच्या हाती निर्णय नाही आणि ज्याच्या माथी परिणाम आहेत, त्याचे शरीर लवकर झिजते. उतरंडीचा परिणाम रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, हे आंबेडकरी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. श्रेणीबद्ध विषमता हा शब्दप्रयोग त्याने बाबासाहेबांकडून शिकलेला आहे.

भारतातील स्थिती काय सांगते? संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ साली नऊ राज्यांतील आयुर्मानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्राचा समावेश नाही. परंतु त्या राज्यांत अनुसूचित जातींचे आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी, आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. केवळ आर्थिक स्थितीने ही तफावत पूर्णपणे उलगडत नाही, हा त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. या अभ्यासात संप्रेरके मोजलेली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यास्तव हा सारा फरक कॉर्टिसॉलमुळे पडला असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. परंतु गरिबीपलीकडेही काहीतरी शरीराला पोखरीत आहे, एवढे यावरून निश्चित होते.

शेतकऱ्याच्या बाबतीत तर ऋतू आणि संप्रेरक यांचा थेट संबंध तपासला गेला आहे. केनियातील गरीब शेतकऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजून मॅथ्यू शेमिन, योस्ट द लाट आणि योहानेस हाउसहोफर यांनी २०१३ साली असे मांडले की, पावसाने दगा दिला की कॉर्टिसॉल वाढते, आणि ज्यांचे उत्पन्न सर्वस्वी शेतीवर अवलंबून आहे त्यांच्यात ही वाढ अधिक ठळक दिसते. त्याच वर्षी तामिळनाडूतील ऊस उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी कापणीपूर्वी, हाती पैसा नसताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडतो आणि कापणीनंतर सावरतो, असे त्यात आढळले. अडचणीतील माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून तो अडचणीत येतो, असे म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे.

या प्रकाशात मंगरूळपीरकडे पाहावे. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विशेष मदतीसाठी निवडलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी एक होता. ती मदत ३,७५० कोटी रुपयांची होती. २००८, २०१७ आणि २०१९ अशा कर्जमाफीच्या घोषणा पाठोपाठ झाल्या. एकच उपाय पुन्हा पुन्हा करावा लागतो, याचा अर्थ भार पुन्हा पुन्हा येऊन पडतो, असाच होतो. २००६ सालच्या शासन निर्णयानुसार आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपये मिळण्यासाठी ते प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. या व्यवस्थेत मृत्यूची एकच तऱ्हा नोंदली जाते. ज्याने विष घेतले नाही, परंतु वीस वर्षे कर्जाच्या धास्तीत रात्री जागून काढल्या, ज्याचा रक्तदाब कोणी मोजला नाही आणि जो पन्नाशीत पक्षाघाताने खाटेला खिळला, त्याच्यासाठी कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही. त्याच्या पत्नीने शेतमजुरी करीत त्याची शुश्रूषा केली, तिच्या झिजेसाठीही नाही. दीर्घ ताणाचे बळी हे बहुतांशी असे न मोजलेले बळी आहेत.

३. पाली वाङ्मयाची साक्ष

आता मूळ शब्दाकडे येऊ. पटिसम्भिदामग्ग आणि विसुद्धिमग्ग या ग्रंथांत दुक्ख या सत्याचे चार अर्थ सांगितले आहेत. ते म्हणजे पीळन, संखत, संताप आणि विपरिणाम. यांतील पहिला अर्थ 'पीळन' हा आहे, आणि तो मराठी माणसाला कोशात शोधावा लागत नाही. संस्कृत 'पीड्', पाली 'पीळेति' आणि मराठी 'पिळणे' हे एकाच कुळातील शब्द आहेत. पीळ, पिळणे, पिळून निघणे आणि पिळवणूक हा सारा परिवार त्याच धातूचा आहे. आमच्या मते दुक्ख या शब्दाची या संदर्भातील मराठी छटा 'ताण' या शब्दाने जितकी व्यक्त होते, त्याहून 'पीळ' या शब्दाने अधिक यथार्थपणे व्यक्त होते. ताण या शब्दात ताणणारा दिसेनासा होतो. 'मला ताण आला आहे' असे माणूस म्हणतो, जणू तो ताप आल्यासारखा आपोआप आला. पीळ म्हटला की पिळणारा हात कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. तो हात कधी आपल्याच तृष्णेचा असतो, कधी ऋतूचा, कधी सावकाराचा, कधी जातीचा. परंतु प्रश्न उपस्थित होतो, हे महत्त्वाचे.

हा प्रश्न तथागतांना अभिप्रेत होता काय? संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला संवाद आहे. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्माचे फळ होय, असे म्हणणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांविषयी सीवक विचारतो. तथागत उत्तरादाखल वेदनेची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात आणि या तिहींचे एकत्र येणे ही पहिली चार. ऋतूतील बदल हे पाचवे. 'विसमपरिहार', म्हणजे शरीराचा विषम, अयोग्य सांभाळ, हे सहावे. 'ओपक्कमिक', म्हणजे बाहेरून झालेला आघात, हे सातवे. कर्मविपाक हे आठवे. आठांपैकी ते केवळ एक आहे. सर्वच दुःख पूर्वकर्माचे मानणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगात जे सत्य म्हणून मान्य आहे त्याच्याही पलीकडे जातात, असा निर्वाळा तथागत देतात. ऋतू, विषम सांभाळ आणि आघात ही तीन कारणे कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगणात रोज उभी असतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजचे संप्रेरकशास्त्र शोधण्याचा अट्टाहास आम्ही करणार नाही. परंतु दुःखाचे एकच एक कारण दुःखिताच्या आत शोधण्यास या सुत्ताचा स्पष्ट नकार आहे, हे निःसंशय.

आणि येथेच 'ताण मनात आहे' या वाक्याचे खरे रूप उघडे पडते. पूर्वी गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगितले जाई की, तुझे दुःख तुझ्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे. आता पूर्वजन्माच्या जागी मन आले, एवढाच फरक. दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे. दोन्हींत कारण दुःखिताच्या आत आहे, दोष त्याचाच आहे आणि पिळणारा हात दृष्टीआड आहे. ज्या समाजाने १९५६ साली पहिले वाक्य झुगारून दिले, त्या समाजाच्या विहारांत दुसरे वाक्य धम्माच्या नावाने शिरावे, ही दुःखद गोष्ट होय. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांच्या प्रचलित मांडणीविषयीच प्रश्न उपस्थित केला आणि गृहत्यागाची कथा रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेल्या संघर्षाशी जोडली. त्या मांडणीत सिद्धार्थाचे पाऊल घराबाहेर पडते ते शेतीच्या पाण्याच्या तंट्यावरून. वाशीम जिल्ह्यातील वाचकाला याहून जवळचा दृष्टांत कोणता असेल?

या ठिकाणी एक आक्षेप येईल. सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेने मनाला होणाऱ्या शोकाचा. श्रुतवान आर्यश्रावकाला पहिलाच बाण लागतो, दुसरा लागत नाही. मग मनाला दोष देणे चूक कसे? हा दृष्टांत खरा आहे, आणि शरीरशास्त्रही त्याला दुजोरा देते. संकट टळल्यावरही ते मनात घोळवीत राहिले तर संप्रेरकांची यंत्रणा शांत होत नाही, हे आज सुविदित आहे. परंतु सुत्त काय म्हणत नाही तेही पाहावे. पहिला बाण खोटा आहे असे ते म्हणत नाही. पहिला बाण सोसत राहावा, धनुर्धराला मोकळे सोडावे, असेही ते म्हणत नाही. दीर्घ ताण म्हणजे रोज येणारा पहिला बाण होय. ज्याला एकदा बाण लागला त्याला दुसऱ्या बाणापासून वाचण्याची शिकवण द्यावी, हे योग्यच. परंतु ज्याच्यावर बाणांचा वर्षाव चालू आहे, त्याला केवळ दुसऱ्या बाणाविषयी प्रवचन देणे म्हणजे धनुर्धराची बाजू घेणे होय.

मालुंक्यपुत्ताच्या बाणाचाही असाच गैरवापर होतो. बाण कोणी मारला हे विचारीत बसू नये, आधी तो काढावा, एवढेच सार त्यातून काढले जाते. परंतु तेथे तथागतांनी बाजूला ठेवलेले प्रश्न जग शाश्वत आहे की अशाश्वत, अशा जातीचे आहेत. बियाण्याचा भाव, व्याजाचा दर आणि पाणवठ्यावरचा अपमान हे त्या जातीचे प्रश्न नव्हेत.

४. उपायांचा विचार

येथपर्यंतच्या विवेचनाचा आधार घेऊन कोणी ध्यानसाधनेलाच पलायन ठरवील, तर तेही आम्हाला मान्य नाही. आपल्यातील काही विचारवंतांना ध्यान म्हटले की सामाजिक लढ्यातून माघार असेच वाटते. ही दुसरी टोकाची भूमिका होय. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात ध्यानाविषयीचे ४७ प्रयोग एकत्र तपासण्यात आले. चिंता, खिन्नता आणि वेदना यांत ध्यानाने सुधारणा होते, याचा मध्यम दर्जाचा पुरावा त्यात आढळला. ताण कमी होण्याचा पुरावा मात्र त्याहून दुबळा निघाला. म्हणजे ध्यान निरुपयोगी नाही, आणि सर्वरोगहारीही नाही. धोरण बदलेपर्यंत आजची रात्र थांबत नाही. ज्याला आज झोप येत नाही, त्याला श्वासाकडे लक्ष देण्यास शिकविणे ही करुणाच आहे. परंतु ती उपचाराचा एक भाग म्हणून द्यावी, उपचाराच्या जागी नव्हे. सोण थेराला वीणेचा दृष्टांत देताना तथागतांनी तार अति ताणलेली नको आणि अति सैलही नको, असे समजाविले. तेथे सोण स्वतःच स्वतःला ताणीत होता, म्हणून उपदेश त्याला केला. ज्याची तार दुसऱ्याने आवळली आहे, त्याच्या बाबतीत खुंटी कोणाच्या हाती आहे हे आधी पाहिले पाहिजे.

खुंटी कोणाच्या हाती आहे याविषयी दीघनिकाय मुग्ध नाही. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, आणि या परंपरेत माणसांचे आयुर्मान पिढ्यानुपिढ्या घटत जाते. त्यातील वर्षांचे आकडे पौराणिक आहेत. परंतु राज्याच्या धोरणाचा संबंध थेट आयुष्याच्या लांबीशी आणि शरीराच्या ओजाशी जोडण्याची दृष्टी विस्मयकारक आहे. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की, जे शेती करतात त्यांना बियाणे आणि अन्न पुरवावे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे नोकरी करतात त्यांना वेतन द्यावे. शांती त्यातून येते. ताणाचा हा राजकीय उपचार पाली वाङ्मयातच आहे. तो बाहेरून आणून जोडावा लागत नाही.

दोन्ही उपचार एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात घडले. 'विश्राम' या नावाने विदर्भात ताण आणि आरोग्य यांविषयीचा एक कार्यक्रम राबविण्यात आला, आणि अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतील त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जात. ते ऐकून घेत, समुपदेशन करीत, गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठवीत, आणि कुटुंबाच्या सामाजिक अडचणींचीही दखल घेत. आरंभी खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांना उपचार मिळत होता. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. आपल्या विहारांना यातून पुष्कळ शिकता येण्याजोगे आहे. वर्षावासातील वाचनाच्या दिवशी विहारातच रक्तदाब आणि साखर तपासली जावी, यात अशक्य काही नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते, आणि ती करून घेण्याची आठवण देणे हेही धम्मकार्यच होय. मनाची घुसमट असह्य झालेल्यास २०२२ सालापासून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर ठळक अक्षरांत असावा. आणि त्याच फलकाशेजारी पीकविम्याचा, कर्जाचा आणि सावकारीविरोधी कायद्याचा सल्ला देणारी व्यक्ती आठवड्यातून एकदा बसावी. पहिल्या बाणावरचा इलाज तो, दुसऱ्या बाणावरचा हा.

समारोप करताना भाषेकडेच परतू. मराठीत ताण म्हणजे ओढ, आवळणे. पालीत मात्र 'ताण' या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. संस्कृत 'त्राण' याचे ते पाली रूप असून त्याचा अर्थ रक्षण, आश्रय असा होतो. दोन्ही शब्दांचा परस्परांशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. परंतु मंगरूळपीरच्या विहारात सायंकाळी येऊन बसणारा माणूस मराठी ताण घेऊन येतो आणि पाली ताण शोधीत येतो. त्याला त्याच्या मनातील दोष दाखविणारा उपदेश पुरेसा नाही. त्याच्या शरीरात काय घडते आहे हे सांगणारे ज्ञान, त्याला कोण पिळते आहे हे ओळखणारी दृष्टी आणि त्या हाताविरुद्ध उभा राहणारा संघ, या तिहींनी मिळून त्याला आश्रय मिळतो. 'दुःख म्हणजे ताण' हे भाषांतर यांपैकी कोणत्याच गोष्टीकडे नेत नसेल, तर ते बदलले पाहिजे.